डेल्फ्ट गावचे रस्ते

हॉलंड देशात द हेग आणि रॉटरडॅम या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये डेल्फ्ट नावाचे एक जुने गाव आहे. वस्ती लाखाच्या किंचित वर. जिकडे तिकडे कालवे, कालव्यांवर कमानीचे ठेंगणे पूल, आणि काठाने विटांची उंच, अरुंद घरे. आमचे पूर्वज ज्यांस वलंदेज म्हणत, त्या डच लोकांच्या इतिहासात या गावास मोठा मान आहे. त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पुढारी ऑरेंजचा विल्यम याचा खून १५८४ साली येथेच झाला, व त्याची समाधी येथील ‘नव्या’ ख्रिस्तमंदिरात आहे. हे नवे मंदिरही पाचशे वर्षांहून जुने! पांढऱ्यावर निळी नक्षी काढलेली येथील मातीची भांडी जगभर जातात. प्रवासी या गोष्टी पाहावयास येतात आणि दोन प्रहरांत पाहून पुढे जातात. आम्हीही त्या यथासांग पाहिल्या. तथापि कन्येच्या घरी अडीच महिने मुक्काम पडल्यामुळे ज्या एका गोष्टीकडे आमचे लक्ष प्रत्यही वेधले जाऊ लागले, ती पाहण्यास तिकीट पडत नाही. ती गोष्ट म्हणजे तेथील रस्ते.

रस्त्यात पाहण्याजोगे ते काय, असे वाचक म्हणतील. ज्यांचे गुडघे शाबूत आणि कान तिखट आहेत त्यांनी तसे खुशाल म्हणावे. परंतु घरात साठी उलटलेली माणसे व दहाच्या आतली मुले असली, आणि सायंकाळी त्यांतले कोणी परतण्यास पाव तास उशीर झाला, म्हणजे घरातल्या बायकांचे लक्ष दाराकडे कसे लागते, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस सांगावयास नको. पुण्यास आमच्या सौ.नी एकटीने देवदर्शनास जाणे तीन वर्षांपासून सोडून दिले होते. देऊळ दूर नाही. मध्ये एक चौक आहे, इतकेच. डेल्फ्टास गेल्यावर पाचव्या दिवशी त्या कोणास न सांगता एकट्याच बाहेर पडल्या आणि भाजी घेऊन परत आल्या. तेथील भाषेचा एक शब्द येत नसता! आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, “ओलांडायला म्हणून कडेला उभी राहिले, तर गाड्याच थांबल्या. मग काय करणार? आले ओलांडून.”

डेल्फ्ट हे चित्रकार व्हर्मेर याचे गाव. तो येथे १६३२ साली जन्मला. ‘लहान रस्ता’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे एक चित्र ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते १६५८ च्या सुमाराचे मानतात. चित्रात काही घडत नाही. विटांचे एक घर, दारात शिवणकाम घेऊन बसलेली बाई, बोळात काम करणारी दुसरी, आणि घरापुढील फरशीवर पाठमोरी ओणवून खेळात रंगलेली दोन मुले. २०१५ साली एका विद्वानाने नगराच्या जुन्या करनोंदी ताडून ही जागा फ्लामिंगस्ट्राट येथील ४०–४२ क्रमांकांच्या घरांची, असा निर्णय केला. आम्ही तेथे जाऊन उभे राहिलो. चित्रातील घर आता नाही. परंतु ती दोन मुले काही केल्या आमच्या डोळ्यांपुढून हालेनात. कारण त्या काळी चित्रकाराच्या दृष्टीस सहज पडणारी ही गोष्ट मध्यंतरी या देशातून जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि मोठ्या खटपटीने ती परत आणावी लागली.

पुष्कळांची समजूत अशी की, हे लोक मुळातच शिस्तीचे व सायकलवाले, म्हणून त्यांचे रस्ते असे. ही समजूत निराधार आहे. दुसरे महायुद्ध संपून घरोघर पैसा खेळू लागल्यावर हे लोकही इतरांप्रमाणेच मोटारीच्या नादी लागले. बाजारचौकांचे मोटारतळ झाले. रुंद रस्त्यांसाठी घरे पाडली, कालवे बुजविले. उट्रेक्ट शहराभोवतीच्या जुन्या खंदकाचा एक भाग बुजवून तेथे मोटारींचा राजमार्ग केला होता. तो पुन्हा उकरून २०२० साली त्यात पाणी सोडण्यात आले. म्हणजे बुजविण्याचा खर्च एकदा आणि उकरण्याचा दुसऱ्यांदा! पण हे मागाहून. १९७१ साली एक कोटी तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती.

त्या मुलांपैकी एक विक लांगेनहॉफ नावाच्या वृत्तपत्रकाराची मुलगी होती. वय वर्षे सहा. १९७२ साली त्याने आपल्या पत्रात लेख लिहिला. त्याचा मथळा होता, ‘मुलांची हत्या थांबवा’. ‘अपघात’ हा शब्द त्याने मथळ्यात येऊ दिला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अपघात म्हटले की त्यात कोणाचे काही चालत नाही असा ध्वनी निघतो. हत्या म्हटले की ती थांबविता येते. त्याच नावाची संस्था निघाली, आयाबाया रस्त्यावर आल्या, जेथे मुले मेली होती ते चौक त्यांनी अडविले, आणि काही रस्ते वाहनांस बंद करून तेथे मुलांस खेळावयास सोडले.

हे वाचताना आम्हांस आमच्या शाळेतील एक मुलगा आठवला. पाचवीत होता, अक्षर सुरेख, रामरक्षा घडाघडा म्हणे. शाळा सुटल्यावर फाटकातून निघून समोरच्या बसथांब्याकडे जाताना एका टेंपोने त्यास उडविले. दुसऱ्या दिवशी शोकसभा होऊन शाळेस सुटी दिली. महिनाभराने फाटकापाशी ‘वाहने सावकाश हाका’ अशी पाटी लागली, आणि प्रार्थनेच्या वेळी मुलांस ‘रस्ता जपून ओलांडा’ असा उपदेश करण्याचे काम आमच्याकडे आले. ते आम्ही निवृत्त होईपर्यंत केले. रस्ता मात्र पूर्वी होता तसाच, सरळ, रुंद आणि गुळगुळीत राहिला. मुलांस उपदेश आणि चालकांस पाटी, यापलीकडे आणखी काही करता येते ही कल्पनाच त्या वेळी सभेत कोणी मांडली नाही. डेल्फ्टात जे पाहिले ते नेमके ‘आणखी काही’ होय.

१९७३ च्या हिवाळ्यात तेलाचा तुटवडा पडून तेथील सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या. ४ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लोक मोठ्या सडकांवरून सायकली व चाकांचे बूट घेऊन हिंडले. शहर किती शांत असू शकते याची चव त्यांस कळली. परंतु डेल्फ्ट नगरपालिकेच्या अभियंत्यांनी, विशेषतः योस्ट व्हाल यांनी, त्याआधीच एक निराळा प्रयोग आरंभिला होता. त्याचे नाव ‘वोनएर्फ’. ‘वोन’ म्हणजे राहणे व ‘एर्फ’ म्हणजे घराभोवतीची जागा. आपण त्यास ‘वसतीचे अंगण’ म्हणू. आमच्या जावयांच्या घरामागील गल्ली याच जातीची आहे, म्हणून तिचे वर्णन थोडे विस्ताराने करतो.

गल्लीच्या तोंडाशी एक निळी पाटी आहे. तीवर घर, मोटार, एक मोठे माणूस आणि चेंडू खेळणारे मूल यांची पांढरी चित्रे. आत पदपथ निराळा नाहीच. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकाच सपाटीत विटा बसविलेल्या. मध्येच एक झाड, पुढे दुसऱ्या बाजूस फुलांची कुंडी, मग बाक, मग मोटार उभी करण्याची आखीव जागा, अशी योजना की सरळ रेषेत वीस पावले जाऊ म्हटले तर मोटारीस जाता येऊ नये. नजर लांबवर पोहोचत नाही, त्यामुळे पायही आपोआप गतीवरून निघतो. येथे पायी चालणाऱ्यास रस्त्याची सगळी रुंदी वापरण्याचा हक्क आहे, मुलांस खेळण्याचा हक्क आहे, आणि मोटारीने माणसाच्या चालीने जावयाचे आहे. मात्र चालणाऱ्यांनीही उगाच आडवे पडून राहू नये. १९७६ साली याचा कायदा झाला. आमची नात तेथे खडूने घरे आखून एका पायावर उड्या मारीत असे. मोटार आली की ती खडू उचलून बाजूस होई, मोटारवाला हात हालवी, आणि ती पुन्हा खेळू लागे. यात कोणी कोणावर उपकार केल्याचा भाव नसे.

सगळेच रस्ते असे अंगणासारखे करता येत नाहीत, हे उघड आहे. परंतु साध्या रस्त्यातही एक युक्ती आम्ही पाहिली, आणि ती आम्हांस वोनएर्फहूनही अधिक आवडली. आपल्याकडे पदपथ प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तुटतो. म्हाताऱ्याने वीतभर, कोठे हातभर उंचीवरून खाली उतरावे, गल्लीतून कोण भरधाव येतो ते पाहावे, जीव मुठीत धरून चार पावले टाकावी व पुन्हा चढावे. दहा मिनिटांच्या वाटेत असे आठ वेळा. (पदपथाची उंची ठरविणाऱ्यांच्या घरी वडील माणसे नसावीत, असा आमचा फार दिवसांचा तर्क आहे.) डेल्फ्टात गल्लीच्या तोंडाशी पदपथ त्याच पातळीत, त्याच विटांनिशी पुढे जातो. तुटतो तो मोटारीचा रस्ता! गल्लीतून बाहेर पडणाऱ्या मोटारीस उतरत्या दगडावरून पदपथावर चढावे लागते, तेथे थबकावे लागते, आणि पुन्हा उतरावे लागते. कोण कोणाच्या दारात आले आहे हे यावरून दोघांस न बोलता कळते. तेथे पाटी नाही, पोलीस नाही, शिट्टी नाही. चाकांची काठी पुढे ढकलीत एक वृद्धा रोज सकाळी आमच्या खिडकीखालून जात असे. ती अशा तीन गल्ल्या ओलांडी आणि एकदाही मान वर करून पाहत नसे.

विटांविषयीही एक शब्द लिहितो. डांबरी रस्त्यावरून चालकास आपला वेग जाणवत नाही. विटांवरून मोटार जरा जोरात गेली की आत खडखडाट होतो. म्हणून आतले रस्ते विटांचे, सायकलींचे मार्ग तांबड्या डांबराचे, आणि मोटारींचे हमरस्ते काळ्या डांबराचे असा साधारण संकेत आहे. निरक्षर मनुष्यही पायाखालचा रंग पाहून आपण कोणाच्या हद्दीत आहो हे ओळखील.

या सर्वामागे एक शास्त्र आहे. १९९२ साली तेथील रस्तेसुरक्षेच्या अभ्यासकांनी ते सूत्ररूपाने मांडले. तात्पर्य असे की, मनुष्य चुकावयाचाच. मूल चेंडूमागे धावणार, म्हातारा ऐकू न आल्याने पुढे येणार, चालक क्षणभर दुसरीकडे पाहणार. त्या चुकीस देहांत शासन नसावे. म्हणून जेथे जड व हलके, वेगवान व मंद एकत्र येतात तेथे वेग उतरवावा, आणि जेथे वेग हवाच तेथे त्यांस निरनिराळ्या वाटा द्याव्या. गणित सोपे आहे. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीसचा वर्ग नऊशे आणि पन्नासचा अडीच हजार. तासास ३० किलोमीटरऐवजी ५०ने येणारी मोटार माणसास पावणेदोन पट नव्हे, पावणेतीन पट जोराने आदळते. ॲम्स्टरडॅम शहराने ८ डिसेंबर २०२३ पासून आपल्या बहुतेक रस्त्यांवर ३०ची मर्यादा घातली ती याच हिशेबाने.

डेल्फ्टात सायकलींचे जाळे असेच आखून केलेले आहे. १९७९ साली त्याची योजना ठरली आणि १९८२ ते १९८७ या काळात ती पुरी झाली. एक तुटका धागा येथे जोडला, तेथे कालव्यावर सायकलींपुरता पूल बांधला, अशी बारीक बारीक कामे करून घरापासून शाळेपर्यंत व स्टेशनापर्यंत वाट अखंड केली. काही तांबड्या रस्त्यांवर पाटी असते, तिचा अर्थ ‘मोटार ही पाहुणी’. अतिथीस देव मानणाऱ्या देशातून आलेल्या आम्हांस प्रथम हे वाचून हसू आले. पण पाहुण्यानेही घरमालकाच्या मुलांस ढकलून पुढे जाऊ नये, हा अर्थ ध्यानी आल्यावर पाटी पटली.

तेथे सर्व गोड आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. डेल्फ्टात आम्हांस भय वाटले ते मोटारींचे नव्हे, सायकलींचे. त्या आवाज न करता येतात, आणि विजेवर चालणाऱ्या असल्या म्हणजे फारच वेगाने येतात. तांबड्या मार्गावर चुकून पाऊल पडले की मागून घंटा, आणि घंटेमागून डच भाषेतील एखादा शब्द, ज्याचा अर्थ विचारण्याची गरज पडत नाही. २०२२ साली त्या देशात रस्त्यांवर मेलेल्या ७४५ माणसांपैकी २९१ सायकलस्वार होते, आणि त्यांत वयस्करांचा भरणा मोठा. आमच्याच वयाची मंडळी विजेच्या सायकली घेऊन विशीतल्यासारखी हाकतात, त्यास अभियंता तरी काय करणार!

दुसरी गोष्ट अंधांची. उत्तरेकडील ड्राख्टेन गावी हान्स मोंडरमान (१९४५–२००८) या अभियंत्याने एका मोठ्या चौकातील दिवे काढून टाकून सर्वांनी परस्परांच्या डोळ्यांत पाहून वाट काढावी अशी रचना केली. ती जगभर गाजली. परंतु ज्यास डोळेच नाहीत त्याने कोणाच्या डोळ्यांत पाहावे? अंधांच्या संस्थांनी अशा रचनांविरुद्ध तक्रार केली, आणि ती रास्तच होती असे आमचे मत आहे. डेल्फ्टच्या स्टेशनापुढे मात्र अंधांसाठी उंच रेघांच्या लाद्यांची पायवाट आहे, तीवर काठी टेकीत ते चालतात. ही लादी जपानातील सेइइची मियाके यांनी १९६५ साली शोधून काढली व १९६७ साली ओकायामा येथे प्रथम बसविली. सिग्नलपाशी टिकटिक वाजते. ती जलद झाली की ओलांडावे.

कायदाही या रचनेच्या पाठीशी उभा आहे. मोटारीची धडक चौदा वर्षांखालील मुलास बसली, तर मुलाची चूक असली तरीही नुकसानभरपाई सामान्यतः पुरी मोटारवाल्याच्या विम्यातून मिळते. प्रौढ पादचारी व सायकलस्वार यांस निदान अर्धी. जो अधिक इजा करू शकतो त्यावर अधिक भार, हा त्यातील न्याय.

हे ऐकून आम्हांस आमची धर्मसूत्रे आठवली. वाट कोणी कोणास द्यावी याचा विचार त्यांत आणि मनुस्मृतीतही आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर यांस वाट द्यावी. राजा व स्नातक समोरासमोर आले तर राजाने बाजूस व्हावे. याच ग्रंथपरंपरेत खालच्या वर्णाने वरच्यास वाट द्यावी असेही आहे. ते मोडले हे उत्तम झाले. परंतु आमच्या शहरांतील चौकात आज उभे राहिले असता दिसते काय? वर्ण नवे झाले आहेत इतकेच. ज्याचे इंजिन मोठे तो वरचा, आणि पायी चालणारा सर्वांत खालचा. रोगी, वृद्ध, ओझेवाला व स्त्री यांची नावे यादीतून गेली. गाडीवाल्याचे तेवढे राहिले. आणि या गाड्या हाकणारे परके कोणी नसून आमच्याच घरचे, आम्हीच शिकविलेले मुलगे आहेत.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी सुमारे तेहतीस हजार पायी चालणारी होती. पुण्यास जंगली महाराज रस्त्यावर काही वर्षांमागे रुंद पदपथ झाले, तेथे म्हातारी माणसे बाकावर बसलेली दिसतात. २०२१ पासून ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांस बंद करण्याची पद्धत पडली. पहिल्या वर्षी आम्ही मुद्दाम जाऊन भर दुपारी रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. उरलेले दिवस मात्र वाहनांचे. रेघांच्या पिवळ्या लाद्या आपल्याकडेही बसवितात. आमच्या भागात त्या अंधास सरळ नेऊन विजेच्या पेटीवर पोहोचवितात. लादी होती, पैसा होता, मनुष्यबळही होते. जी वाट आपण करतो तीवरून एकदा डोळे मिटून चालून पाहावे, एवढे कोणास सुचले नाही.

आम्ही निघण्याच्या आठवड्यात कन्येच्या घरापुढे नळ बदलण्यासाठी रस्ता खणावयाचा होता. तेथील विटा वाळूवर नुसत्या बसविलेल्या असतात, म्हणून त्या फोडाव्या लागत नाहीत. उचलून रचून ठेवतात आणि काम झाले की त्याच परत बसवितात. सोमवारी सकाळी कामगार आले. त्यांनी पहिली वीट उचलण्याआधी कडेने कठडा बांधला, त्याच्या आत फळ्यांची वाट अंथरली, फळीच्या दोन्ही टोकांस चाके चढतील असा उतार ठोकला, आणि मग कामास लागले. चाकांच्या काठीची ती वृद्धा नेहमीच्या वेळी आली व फळीवरून गेली. तिने मान वर करून पाहिले नाही. कामगारांनीही पाहिले नाही.